चौथा बोर्ड, महिला

आमच्या सिद्धेशला बुद्धिबळातलं काय कळतं असं कोणी विचारलं, तर मी सांगते, कॅप्टन व्हायचं तेवढं कळतं. टीशर्ट छापून आणणं, चहा किती कप सांगायचा ते ठरवणं, समोरच्या संघाच्या खांद्यावर हात टाकून 'काय म्हणताय' करणं, यात अख्ख्या चंदनसारमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नाही. पटावर बसला की मात्र दहाव्या खेळीला घाम फुटतो. तरी मंडळाच्या संघात पहिल्या बोर्डावर कोण? सिद्धेश. आणि मी, त्याची बायको, लग्नाआधी विद्यापीठाच्या संघातून खेळलेली, मी कुठे? चौथ्या बोर्डावर. तिथे पुठ्ठ्यावर लिहिलेलंच असायचं, 'बोर्ड चौथा, महिला'. जसं काही बसस्टँडवर मुतारी दाखवतायत.

२००१ सालची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत वसईला आसपासच्या मंडळांची सांघिक स्पर्धा व्हायची. चार जणांचा संघ आणि त्यातली एक बाई असलीच पाहिजे, असा ऑगस्टीन सरांनी नियम केला होता. सर शाळेत गणित शिकवायचे आणि स्पर्धेचे पंच तेच. माणूस सरळ, नियमही चांगला. पण आमच्या पुरुषांनी त्याचं काय केलं? नावं द्यायच्या दिवशी लग्नघरात सवाष्ण शोधावी तसे बाई शोधत फिरायचे. एका संघाने कोणाची तरी मेव्हणी आणून बसवली होती. तिने पहिल्याच खेळीला घोडा सरळ चालवला. सरांनी थांबवलं तर म्हणते, "मग वाकडं कशाला जायचं उगाच?" तो डाव मी चहा यायच्या आत जिंकला. सिद्धेश माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बघ, तुमचं किती सोपं असतं!" तुमचं म्हणे. स्वतः त्याच फेरीत हरून आला होता.

मी तरी का खेळत होते मग? सांगते, लाजायचं काय त्यात. त्या वर्षी सांगलीला राज्याची महिला सांघिक स्पर्धा होती. जिल्हा म्हणजे तेव्हा ठाणे, आणि जिल्ह्याच्या संघात आमच्या तालुक्याला एक जागा दिली होती. या दिवाळीच्या स्पर्धेत महिला बोर्डावर जिचे गुण सगळ्यांत जास्त, ती सांगलीला जाणार. मला जायचं होतं. लग्न झाल्यापासून मी एकही खरी स्पर्धा खेळले नव्हते. आधी घर लावायचं होतं, मग लेक झाली, उन्नती, मग तिची शाळा, माझी नोकरी. रात्री पोळ्या लाटताना डोक्यात डाव मांडायचे आणि पोळी करपली की सासूबाई म्हणायच्या, "लक्ष कुठे असतं हिचं?" तर माझं लक्ष असायचं तिथे. मला पुन्हा एकदा चार दिवस कोणाची सून, कोणाची आई न होता पटासमोर बसायचं होतं. बाकी ती ट्रॉफी, तो हार-तुरा, ते मंडळाने खुशाल चुलीत घालावं.

आता माझ्यासारखं हे आणखी एका बाईला हवं होतं, आणि ती बाई म्हणजे माझी सख्खी नणंद.

आशाताई सिद्धेशच्या थोरल्या बहीण. वसईच्या होळी गावात दिलेल्या. घरची वाडी आहे, केळी, अळू, वाल, फुलं, सगळं काढून पहाटे बाजाराला धाडायचं आणि मग दिवस सुरू करायचा, अशा त्या. माझ्या सासऱ्यांनी दोन्ही मुलांना बुद्धिबळ शिकवलं. मुलीच्या डोक्यात ते राहिलं, मुलाच्या डोक्यात कॅप्टनकी राहिली. आशाताई होळीच्या संघातून खेळायच्या. गोड वगैरे अजिबात नाहीत. माझ्या हातच्या आमटीला त्यांनी आजवर बरं म्हटलेलं नाही. पण खेळ पक्का. लहानपणी बापाकडून जे ऐकलं ते एक अक्षर विसरलेल्या नाहीत.

गणपतीत त्या माहेरी आल्या की आमचा पट मांडला जायचा. तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात मला हळूच सांगायच्या, "दोन दिवसांसाठी आलीय पोर. हरवू नकोस हां तिला. नणंदेचा मान असतो." मग मी कुठेतरी एक हत्ती मोकळा ठेवायचे. आशाताई तो घ्यायच्या, जिंकायच्या, मोदक खायच्या आणि काही न बोलता होळीला जायच्या. सासूबाई खूश व्हायच्या. मला वाटायचं, नणंदबाईंना पत्ता नाही.

अंतिम फेरी आली ती नेमकी पाडव्याला. एव्हरशाईन सिटीचा संघ हरवून आम्ही वर आलो होतो आणि समोर होळी. म्हणजे चौथ्या बोर्डावर मी आणि आशाताई. सांगलीच्या हिशेबात त्या माझ्या अर्ध्या गुणाने पुढे होत्या. मला जिंकायलाच हवं होतं. बरोबरी झाली तरी जाणार त्याच.

शाळेच्या हॉलमध्ये सासूबाई पहिल्या रांगेत खुर्ची पकडून बसल्या होत्या. मांडीवर करंज्यांचा डबा. मुलगा एका बाजूला, मुलगी दुसऱ्या बाजूला, त्यामुळे त्यांची कोणीही जिंकलं तरी दिवाळी होती. अडचण एकच, मी.

आशाताई सोंगट्या सरळ करत म्हणाल्या, "आज घरच्यासारखं खेळायचं नाही."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे हत्ती फुकट द्यायचा नाही. मला काय कळत नव्हतं? आईचं मन मोडवत नव्हतं म्हणून गप्प बसायचे. खेळ आता."

माझे कान तापले. इतकी वर्षं मी स्वतःला मोठ्या मनाची समजत होते आणि ही बाई माझ्या समोर बसून माझी कीव गिळत होती! मी राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं आणि घड्याळाचं बटण दाबलं.

डाव सांगत बसत नाही. वजीर लवकर मारले गेले, मग एक-एक हत्ती. माझ्याकडे घोडा राहिला, त्यांच्याकडे पांढऱ्या घरांवरचा उंट. प्यादी सारखी. बघणाऱ्याला वाटावं बरोबरीचं आहे. पण त्यांची बहुतेक प्यादी पांढऱ्याच घरांवर अडकली होती, म्हणजे उंटाला स्वतःच्याच माणसांची अडचण, आणि माझा घोडा कुठेही उडी मारायला मोकळा. थोडा धीर धरला तर डाव माझा होता. मला ते दिसत होतं. आशाताईंनाही दिसत असणार, कारण त्यांनी पदर खोचला होता.

तेवढ्यात बाकीचे डाव संपले. आमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बोर्डाची पोरं जिंकली. पहिल्या बोर्डावर आमच्या कॅप्टनसाहेबांनी दिवे लावले. होळीचा कॅप्टन फर्डिनंड वडापाव खात खात त्याला हरवून मोकळा झाला. म्हणजे आमचे दोन, त्यांचा एक. मी हरले तर दोन-दोन, आणि सारखे गुण झाले तर पहिला बोर्ड जिंकणाऱ्याला ट्रॉफी, म्हणजे होळीला. मी बरोबरी केली तर ट्रॉफी चंदनसारची.

एवढा हिशेब सिद्धेशला बरोबर जमला. तो डोळ्यांत चमक घेऊन माझ्या खुर्चीमागे आला आणि वाकून म्हणाला, "ड्रॉ देऊन टाक."

सांघिक सामन्यात कॅप्टनला तेवढं बोलायची मुभा असते. खेळी सुचवायची नाही, पण बरोबरी घे किंवा घेऊ नको, असा सल्ला द्यायचा. मानायचा की नाही, ते खेळाडूने ठरवायचं. पण कॅप्टन नवरा असला की सल्ला कसला, हुकूमच तो.

मी मान हलवून नाही म्हटलं.

"अगं ऐक ना. ट्रॉफी आपली, सांगली ताईची. सगळं घरातल्या घरात."

पहिल्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला, "ऐक गं त्याचं! उद्या भाऊबीज आहे. नणंदेला रडवून पाठवणार का घरी?"

"आजी, बोलायचं नाही," ऑगस्टीन सर म्हणाले.

डोक्यात अशी तिडीक गेली! घरातल्या घरात म्हणे. नवऱ्याला ट्रॉफी, नणंदेला सांगली, सासूबाईंना गोडधोड, सगळ्यांचं सगळं झालं. माझ्या तोंडाला पानं पुसली तर ते कोणाच्या हिशेबात नव्हतं. आणि त्याला वाईटही वाटत नव्हतं हो! भाजी आणताना कोथिंबीर विसरू नको म्हणावं, इतक्या सहज सांगत होता तो. मला त्याचा नुसता राग नाही आला, किळस आली. स्वतः हरून आलेला माणूस मला माझा जिंकणारा डाव सोडून दे म्हणून सांगत होता.

पलीकडे फर्डिनंड आशाताईंच्या कानाशी लागला होता. तो कानात बोलतो ते गेटवर ऐकू येतं. "ड्रॉ नको हां वहिनी! ड्रॉ झाला तर आपण गेलो. जिंकायलाच पायजे."

म्हणजे बघा काय थाट. मला जिंकायचं होतं तर माझा कॅप्टन म्हणे बरोबरी कर. त्यांना बरोबरी पुरत होती तर त्यांचा कॅप्टन म्हणे जिंक. दोन शहाणे दोन बाजूंना उभे, आणि एकालाही पट वाचता येत नव्हता.

आशाताईंनी माझ्याकडे बघितलं. अगदी हळू म्हणाल्या, "मी मागणार नाही. तू दिलास तर घेईन."

मला त्या बाईबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. निदान जे आहे ते बोलली तरी.

मी राजा एक घर पुढे सरकवला आणि बटण दाबलं.

"संजना!" सिद्धेश म्हणाला.

"कॅप्टन, सल्ला देऊन झाला," ऑगस्टीन सर म्हणाले. "आता मागे व्हा."

खोटं कशाला बोलू, त्यानंतर मी भ्याले होते. जिंकले तर ठीक. पण हरले तर? ट्रॉफी जाणार, सांगली जाणार, आणि वर जन्मभर ऐकायचं, 'सांगितलं होतं ना ड्रॉ घे म्हणून?' जेवताना, चहा पिताना, पाहुण्यांसमोर, उन्नतीच्या लग्नातसुद्धा. हात मांडीखाली दाबून मी पटाकडे बघत राहिले.

आशाताईंना आता बरोबरी मिळत नव्हती, आणि मागे फर्डिनंड 'जिंका, जिंका' करत उभा. त्यांनी एरवी कधी केली नसती अशी गोष्ट केली. उंट लांबवर मारला आणि माझ्या बाजूचं अगदी कडेचं प्यादं खाल्लं. फर्डिनंडने टाळी वाजवली. सिद्धेशने कपाळावर हात मारला. सासूबाईंनी सिद्धेशकडे बघून स्वतःच्या कपाळावर हात मारला.

मी शेजारचं प्यादं एक घर पुढे केलं. झालं. उंटाची परतीची वाट बंद. कोपऱ्यात बसलाय, खाल्लंय पोटभर, पण बाहेर यायला जागा नाही.

आशाताईंना माझा हात प्याद्यावर जातानाच कळलं. मग उंट देऊन त्यांनी वाट अडवणारं प्यादंही घेतलं, जेवढं वसूल होईल तेवढं. तरी माझा अख्खा घोडा जास्त राहिला. शेवटपर्यंत लढल्या. हत्तीने शह दिले, माझं घड्याळ खायला बघितलं, एकदा तर मला जवळजवळ फसवलं होतं. माझं प्यादं वजीर व्हायला एक घर उरलं तेव्हा त्यांनी घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला. तळहात वाडीतल्या कामाने खरखरीत झालेला. छान खेळलीस वगैरे काही नाही. फक्त म्हणाल्या, "घाई केली मी."

मी म्हटलं, "हो."

मला इतका आनंद झाला होता की उठून ओरडावंसं वाटत होतं. सांगली! पण समोर त्यांचा चेहरा होता, म्हणून मी सोंगट्या गोळा करत बसले.

मग बक्षीस समारंभ. तीन-एक असा आम्ही सामना जिंकलो. ट्रॉफी घ्यायला कॅप्टन वर गेले. मी खाली. सिद्धेशने ती एवढी मोठी ट्रॉफी काखेत घेतली आणि ऑगस्टीन सरांच्या हातातला माईक मागून घेतला. माईक दिसला की या माणसाला राहवत नाही, हे मला लग्नाच्या मांडवातच कळायला हवं होतं.

"मित्रहो," तो म्हणाला, "शेवटचा डाव फार टेन्शनचा होता. पण मी संजनाला तिथेच सांगितलं, घाबरू नकोस, जिंकायचंच!"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. आजूबाजूला टाळ्या पडल्या. मी आशाताईंकडे बघितलं. त्या दोन खुर्च्या सोडून बसल्या होत्या आणि डोळे बारीक करून भावाकडे बघत होत्या.

एवढ्यावर थांबला असता तर मी गिळलं असतं. आजवर काय कमी गिळलं होतं? पण त्याला आता मोठेपणाचं भरतं आलं.

"आणि उद्या भाऊबीज," तो म्हणाला. "ट्रॉफी तर आम्ही जिंकली. पण सांगलीची जागा मी मोठ्या मनाने माझ्या ताईला देतोय. भावाची ओवाळणी!"

अगं बाई! काय त्या टाळ्या! लोक उठून उभे राहिले. फर्डिनंडने शिट्टी मारली. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि शेजारणीला सांगितलं, "असा आहे हो माझा सिद्धू." सगळा हॉल माझ्याकडे वळून बघायला लागला, मी हसावं म्हणून. सकाळी पाडव्याला मी ओवाळलं तेव्हा माझ्या ताटात कुकर पडला होता. ताईच्या ताटात सांगली. आणि सांगली कोणाची? माझी. अजून हातातसुद्धा आली नव्हती.

मी उभी राहिले. म्हटलं, "मी दिलेली नाही."

टाळ्यांमध्ये कोणाला ऐकू गेलं नाही. शेजारची बाई म्हणाली, "बसा बसा, फोटो काढतायत." घरात मनातल्या मनात एवढी बोलते मी, एवढी नावं ठेवते, आणि इथे आवाज फुटेना.

आशाताई पुढे बघतच म्हणाल्या, "मोठ्याने बोल. पटावर बरी हिंमत झाली होती तुझी."

मग मी ओरडलेच. "मी जागा दिलेली नाही! आणि जिंक म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. ड्रॉ दे म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही!"

टाळ्या थांबल्या. सिद्धेश माईकमध्येच हसला. "अगं, असं काय करतेस? ताई काय परकी आहे? घरातच राहतेय ना जागा."

आता आशाताई उठल्या. नऊवारी नाही, पाचवारीच, पण पदर असा खोचला की पुढची रांग आपोआप मागे सरकली.

"सिद्धू, माईक ठेव खाली," त्या म्हणाल्या. "मी हिच्याकडून हरले. तुझ्याकडून नाही. तुझ्याकडून हरेन असा तू खेळतोस तरी का? जागा हिची आहे. तुझ्या बापाची नाही, आणि बाप आपला एकच होता, म्हणून सांगते, माझ्याही बापाची नाही. तू कोण ओवाळणीत घालणारा?"

कोणीतरी मागे फिसकन हसलं. फर्डिनंडच असणार.

"आशे, चारचौघांत काय हे!" सासूबाई म्हणाल्या.

"चारचौघांत दिलीन, चारचौघांत परत केली," आशाताई म्हणाल्या आणि बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तूही बस आता. नाव सांग सरांना, नाहीतर तेवढ्यात तो आणखी कोणाला तरी देऊन टाकेल."

ऑगस्टीन सरांनी सिद्धेशच्या हातातून माईक काढून घेतला. त्यांनी माझं नाव जाहीर केलं, नुसतं संजना आणि आडनाव, सौभाग्यवती नाही, कॅप्टनच्या पत्नी नाही. या वेळी टाळ्या जरा कमी पडल्या. सिद्धेश ट्रॉफी काखेत घेऊन स्टेजच्या पायरीवर उभा होता आणि खाली उतरायचं की वरच थांबायचं, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

मी खुर्चीवर बसले. सासूबाई करंज्यांच्या डब्याचं झाकण दाबून बसवत होत्या. मला द्यायचा त्यांचा विचार दिसत नव्हता. दातओठ खात त्या म्हणाल्या, "झालं समाधान?"

मी म्हटलं, "झालं, आई."